टाइमआउट संपला तरी टीम घोळक्यातून बाहेर येत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत पंचाने काय करावं?

दुसरी शिट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी शालेय आणि क्लब पातळीवरच्या बास्केटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात आणि कोर्टवर बहुतेक वेळा आम्ही दोघंच पंच असतो. नुकताच एक प्रसंग घडला, त्यावर जाणत्यांचं मत हवंय.

१७ वर्षांखालच्या मुलींचा सामना. संघांना निळा आणि पांढरा म्हणते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये निळ्यांनी टाइमआउट घेतला. ५० सेकंदांचा हॉर्न झाला, मग मिनिट संपल्याचा झाला. पांढऱ्या मुली पाणी पिऊन कोर्टवर आल्या, आपापली जागा धरून उभ्या राहिल्या. निळ्यांचा घोळका जागचा हललाच नाही. प्रशिक्षक बोर्डावर बाण काढत होते. मी शिट्टी मारून हाताने बोलावलं, तरी नाही. पुन्हा बोलावलं तेव्हा आल्या. मी प्रशिक्षकांकडे जाऊन नीट शब्दांत ताकीद दिली: सर, पुन्हा असा उशीर झाला तर तुमच्या नावावर टाइमआउट लागेल, म्हणजे उरलेल्यातला एक कमी होईल. त्यांनी मान डोलावली.

चौथ्या क्वार्टरमध्ये १:३८ शिल्लक असताना निळ्यांनी परत टाइमआउट घेतला. निळे तीन गुणांनी मागे, बॉल त्यांचाच. या हाफमधला त्यांचा हा दुसरा टाइमआउट, म्हणजे एक हातात होता. आणि पुन्हा तेच! हॉर्न झाला, पांढऱ्या मुली तयार, थ्रो-इनच्या (रेषेबाहेरून बॉल आत टाकायच्या) जागी बॉल घेऊन माझा जोडीदार उभा, आणि निळे वर्तुळ करून खाली बघतायत. मी टाइमआउट लावायला टेबलाकडे (गुणलेखक आणि टाइमकीपर बसतात तिथे) वळले, तेवढ्यात जोडीदाराने मला थांबवलं. त्याचं म्हणणं, सामना इतका रंगात आलाय, आता एवढ्याशा कारणासाठी त्यांचा शेवटचा टाइमआउट काढून घेणं बरं नाही, मुली आल्याच बघ. आणि खरंच त्या पुढच्या काही सेकंदांत आल्या. खेळ सुरू झाला. बोर्डावर आखलेल्या खेळातून निळ्यांनी बरोबरी साधली.

सामन्यानंतर पांढऱ्या संघाच्या प्रशिक्षक बाई माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मुली वेळेवर आल्या, त्याचं त्यांना काय मिळालं?" तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

तर मला विचारायचंय ते असं. ताकीद एकदा दिली की ती सामनाभर धरायची ना? शेवटच्या दोन मिनिटांत पंचाने हात आखडता घ्यावा का? टाइमआउट लावला तर तो पूर्ण मिनिटाचा द्यायचा का? आणि संघाकडे टाइमआउट उरलाच नसेल तर? शिवाय एक अडचण नियमाबाहेरची आहे. निळ्यांचे प्रशिक्षक वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा खूप मोठे, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. अशा माणसाला घोळक्यातून उठवायचं कसं, की मानही राहील आणि वेळही पाळली जाईल?

---

बोर्ड आणि खडू

मी प्रशिक्षक आहे, त्यामुळे दुसऱ्या बाकावरून बोलतो.

ताई, उशीर होतो तो शेवटच्या दहा सेकंदांत होत नाही, पहिल्या वीसमध्ये होतो. मुली बाकावर येतात, बाटल्या शोधतात, टॉवेल फिरतो, आधी सहायक बोलतो, मग कुणीतरी पंचांच्या एखाद्या कॉलबद्दल तक्रार काढते. मुख्य प्रशिक्षक बोर्ड हातात घेतो तोवर अर्धं मिनिट गेलेलं असतं. ५० सेकंदांचा हॉर्न वाजतो तेव्हा त्याचा तिसरा बाण काढून व्हायचा असतो. तो हॉर्न त्याला ऐकू येतच नाही असं नाही. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर अर्धवट राहिलेला खेळ असतो आणि पंच थांबतील हे त्याला अनुभवाने माहीत झालेलं असतं.

माझ्या संघात आता टाइमआउटमध्ये एकच जण बोलतो आणि एकच गोष्ट सांगतो, एक तर आक्रमणाची नाहीतर बचावाची. ५० च्या हॉर्नला हात एकत्र आणि कोर्टवर. ही शिस्त लागली त्याचं एक कारण असं की, एका स्पर्धेत पंचांनी पहिल्याच क्वार्टरमध्ये माझ्याजवळ येऊन शांतपणे सांगितलं की इथे मिनिट म्हणजे मिनिट. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण समोरच्या संघालाही तेच सांगितलेलं मी पाहिलं.

तुमच्या जोडीदाराशी मी सहमत नाही. तीन गुणांचा फरक, दीड मिनिट शिल्लक, अशा वेळी बोर्डावरचे जास्तीचे वीस सेकंद म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. तेवढ्यात मी अख्खा पर्यायी खेळ समजावू शकतो.

---

पाचवा फाउल

दुसरी शिट्टी ताई, तुम्ही टेबलाकडे वळलात ते योग्यच होतं. बरीच वर्षं पंचगिरी केली, आता नव्या पंचांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमपुस्तकात टाइमआउट एक मिनिटाचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. उशिराचं काय करायचं ते फिबाच्या अधिकृत स्पष्टीकरणांमध्ये आहे आणि ते फार कमी जण वाचतात. तिथे विचार असा मांडलाय: पंचाने शिट्टी मारून बोलावलं की संघाने लगेच यायचं. मिनिटापेक्षा जास्त थांबणारा संघ टाइमआउट लांबवून फायदा घेतो आणि खेळालाही उशीर करतो. म्हणजे पांढऱ्यांच्या बाईंनी जे विचारलं, तेच तिथे नियमाच्या भाषेत लिहिलंय.

पुढे दोन वाटा आहेत. तुम्ही दुसऱ्यांदा बोलावलंत आणि संघ आला, तर प्रशिक्षकाला ताकीद: पुन्हा झालं तर एक टाइमआउट लागेल. पण दुसऱ्यांदा बोलावूनही संघ बाकापाशीच राहिला, तर ताकीद वगैरे काही नाही, थेट टाइमआउट लावायचा. ही दुसरी वाट अनेकांना माहीतच नसते. सगळ्यांना वाटतं पहिली चूक नेहमी माफ. तसं नाही.

लावलेला टाइमआउट पूर्ण एक मिनिटाचा असतो. टाइमआउट शिल्लकच नसेल तर खेळाला उशीर केल्याबद्दल मुख्य प्रशिक्षकावर टेक्निकल फाउल (खेळाडूंच्या धक्काबुक्कीचा नव्हे, शिस्तभंगाचा) देता येतो. तो गुणपत्रकात 'बी' म्हणून जातो, 'सी' म्हणून नाही, कारण तो प्रशिक्षकाच्या वैयक्तिक वर्तनाचा फाउल नव्हे. त्याची शिक्षा एक फ्री थ्रो, आणि मग खेळ जिथे थांबला होता तिथून, ज्याचा बॉल त्याच्याकडे.

ताकीद सामनाभर धरावी असं माझं ठाम मत आहे. तुम्ही "पुन्हा झालं तर" म्हणालात ना? मग दुसऱ्या क्वार्टरमधलं चौथ्यात विसरायचं कसं? फक्त एक काळजी घ्या. ताकीद दिली की लगेच जोडीदाराला, टेबलाला आणि समोरच्या प्रशिक्षकालाही सांगा. तिघांना माहीत असलं की चौथ्या क्वार्टरमध्ये तो तुमचा एकटीचा निर्णय राहत नाही, जोडीदारही हात धरत नाही.

आता शेवटच्या दोन मिनिटांबद्दल. तिथे सैल सोडावं असं म्हणणारे पंच भेटतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत, मागच्या अर्ध्या कोर्टात बॉल असलेल्या संघाने टाइमआउट घेतला, तर त्यांचा प्रशिक्षक थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातल्या, म्हणजे जिथे त्यांना बास्केट करायची त्या बाजूच्या, थ्रो-इन रेषेवरून घेऊ शकतो. एवढी मोठी सवलत एका टाइमआउटबरोबर मिळते. त्यावर वीस-पंचवीस सेकंदांचं जास्तीचं नियोजन फुकट मिळणार असेल, तर बचाव करणाऱ्या संघावर तो उघड अन्याय आहे. घामाने भिजलेल्या मुली जागा धरून उभ्या आहेत, अंग थंड पडतंय, आणि समोर अजून बाण काढणं चाललंय. सामना रंगात आहे म्हणूनच वेळ काटेकोर हवी.

पण ताई, खरं काम हॉर्नच्या आधीचं आहे. टाइमआउट लावायची वेळ यावी असं कुठल्याच चांगल्या पंचाला वाटत नाही. मी नव्या पंचांकडून हे घोटून घेतो: ५० चा हॉर्न झाला की उभ्या जागेवरून नुसतं बघत राहायचं नाही. दोघं पंच असाल तर एकाने बॉल घेऊन थ्रो-इनच्या जागी राहायचं, पण चेहरा जवळच्या बाकाकडे. दुसऱ्याने लांबच्या बाकाच्या दिशेने चार पावलं जायचं आणि घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "दहा सेकंद, कोच." घोळक्यात शिरायचं नाही. एक तर त्यांची योजना कानावर पडते, आणि समोरच्या बाकावरून ते चांगलं दिसत नाही. सहायक प्रशिक्षक घोळक्याच्या कडेला असतो, त्याची नजर पकडा. कर्णधार मुलीला नावाने किंवा नंबराने हाक मारा. घोळका एका खेळाडूच्या हलण्याने सुटतो.

शेवटच्या दोन मिनिटांत तर तुमच्या हातात हक्काचं कारणच असतं. ५० च्या हॉर्नला जाऊन विचारा, "सर, पुढून की मागून?" थ्रो-इन कुठून हे प्रशिक्षकाला सांगावंच लागतं. तो उत्तर देतो, बोर्ड खाली जातो, घोळका मोकळा होतो. दहापैकी नऊ वेळा पुढचं काही करावंच लागत नाही.

मोठ्या माणसाला कसं सांगायचं, हे विचारलंत ते फार बरं केलंत. सर म्हणा, नक्की म्हणा. हात जोडायची गरज नाही आणि बोट दाखवायचं तर मुळीच नाही. बाजूला उभं राहून, खालच्या आवाजात, एका वाक्यात: "सर, ही ताकीद आहे, पुढच्या वेळी टाइमआउट लागेल." आणि लगेच वळा. उत्तराची वाट बघत थांबलात की वाद सुरू होतो. वयाने मोठा प्रशिक्षक अपमान कशाला समजतो, तर सगळ्यांसमोर ओरडण्याला. नियम लावण्याला नाही.

एक शेवटचं. खेळ सुरू करण्याआधी दोन्हीकडचे पाच-पाच मोजा. घाईने सुटलेल्या घोळक्यातून चार येतात, कधी सहा येतात. सहावी मुलगी कोर्टवर राहिली तर तो वेगळा टेक्निकल होतो, आणि तोही प्रशिक्षकाच्याच नावावर.

---

स्टॉपवॉच

पाचवा फाउल सरांनी पंचांची बाजू छान सांगितली. मी टेबलावर टाइमकीपर म्हणून बसतो, तिथली एक गोष्ट जोडतो, कारण बरेचदा भांडणाचं मूळ आमच्याकडे असतं.

टाइमआउटचं मिनिट कधी सुरू होतं? पंच शिट्टी मारून टाइमआउटची खूण करतात तेव्हा. खेळाडू बाकावर पोचल्यावर नव्हे. नवे टाइमकीपर संघ बसल्यावर स्टॉपवॉच दाबतात आणि तिथेच सात-आठ सेकंद वाढतात. मग दोन्ही संघ मिनिटाचे सव्वा मिनिट वापरतात आणि तेच सवयीचं होतं. गेम क्लॉक वेगळं, टाइमआउटचं स्टॉपवॉच वेगळं, आणि ते हातात धरून बसायचं असतं.

दुसरं म्हणजे हॉर्न. ५० सेकंदांना एक आणि मिनिट संपल्यावर एक, दोन्ही वाजवायचेच. प्रेक्षकांचा आवाज असेल तर पहिला हॉर्न लांब वाजवा. बाकावरचा माणूस "ऐकूच आला नाही" म्हणाला की पंचाची ताकीद अर्धी लंगडी होते. हॉर्न वाजवून मी पंचांकडे बघतो आणि हात वर करतो, म्हणजे त्यांनाही कळतं की आता घड्याळ त्यांच्या बाजूने आहे.

टाइमआउट लावला गेला की गुणलेखकाने तो संघाच्या चौकटीत नेहमीच्या टाइमआउटसारखाच, क्वार्टरचं कितवं मिनिट ते लिहून नोंदवायचा, आणि संघाला किती उरले ते पंचांना लगेच सांगायचं. ताई, तुमच्या प्रसंगात निळ्यांची चौकट तिथेच भरली असती. पुढचा उशीर थेट टेक्निकलवर गेला असता, हे प्रशिक्षकाला त्याच क्षणी कळलं पाहिजे.

---

बोर्ड आणि खडू

पाचवा फाउल सर, एक शंका. लावलेला टाइमआउट पूर्ण मिनिटाचा असेल तर उशीर करणाऱ्यालाच आणखी एक मिनिट मिळालं की! ज्याला बोर्डावर वेळ हवा होता त्याला आपण वेळच दिला. ही शिक्षा कशी?

---

पाचवा फाउल

शंका रास्त आहे, शिकवताना दर वेळी कुणीतरी विचारतंच. मिनिट मिळतं, पण ते दोघांना मिळतं. पांढरा संघही बसतो, पाणी पितो, आपला बचाव बदलतो. नुकसान होतं ते वेगळ्या जागी. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. १:३८ ला दोन्ही गेले की शेवटच्या वीस सेकंदांत बॉल पुढे नेण्यासाठी हातात काहीच नाही. तुम्ही स्वतः प्रशिक्षक आहात, एका गुणाने मागे असताना, १२ सेकंद शिल्लक असताना, आपल्या बास्केटखालून कोर्टभर बॉल न्यायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तो शेवटचा टाइमआउट कुठलाही प्रशिक्षक एका जास्तीच्या मिनिटासाठी विकणार नाही.

---

लांब पल्ल्याचा

मी काही काळ अमेरिकेत हायस्कूलच्या सामन्यांना पंच होतो. तिकडची पद्धत वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते, म्हणून सांगतो.

तिथे टाइमआउट ६० सेकंदांचे तीन आणि ३० सेकंदांचे दोन. संपायच्या १५ सेकंद आधी पहिला हॉर्न, संपताना दुसरा. पहिल्या हॉर्नला पंच घोळक्याकडे जाऊन सांगतात. दुसऱ्या हॉर्ननंतर संघ आला नाही तर पंच शिट्टी मारून खेळ सुरू करतो. अक्षरशः सुरू करतो. थ्रो-इन ज्याची, तो संघ तयार असेल तर बॉल त्याच्या हातात आणि पाच सेकंदांची मोजणी. बचाव करणारे अजून बाकाजवळ असतील तर त्यांचं त्यांनी बघावं, समोरच्याला सोपी बास्केट मिळते. उलट थ्रो-इनवालाच संघ आला नसेल तर पंच बॉल जमिनीवर ठेवतो आणि मोजायला लागतो. पाच झाले की उल्लंघन, बॉल समोरच्याला. त्यानंतरही तोच संघ आपल्या थ्रो-इनला उशीर करत राहिला तर टेक्निकल. दोन्ही संघांकडून उल्लंघन झालं असेल तर पुढचा कुणाचाही उशीर टेक्निकल.

जमिनीवर ठेवलेला बॉल आणि पंचाचा हलणारा हात दिसला की घोळका कसा फुटतो ते बघण्यासारखं असतं. कुणाशी बोलावं लागत नाही, सर म्हणायचं की नाही हा प्रश्नच येत नाही.

गंमत म्हणजे तिकडे टाइमआउटनंतर कोर्टवर पाणी सांडलेलं असलं, कोर्ट खेळायला तयार नसलं, तर त्याला वेगळी लेखी ताकीद आहे आणि ती गुणपत्रकात नोंदवतात. उशिरा येणं त्या ताकिदीत मोडत नाही, त्याला हीच बॉल खाली ठेवायची पद्धत. नवे पंच या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

एनबीएमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, पुन्हा निराळं. खेळ सुरू होऊ न देणं हे तिथे 'डिले ऑफ गेम'मध्ये येतं: पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर प्रत्येक वेळी टेक्निकल. ती ताकीद बाकीच्या उशिरांनाही लागू असते, म्हणजे बास्केट झाल्यावर बॉलला उगाच हात लावून आधीच ताकीद घेतली असेल, तर घोळक्यातला उशीर सरळ टेक्निकल.

---

पाचवा फाउल

लांब पल्ल्याचा, माहितीबद्दल आभार. पण नव्या पंचांनी हे वाचून फिबाच्या सामन्यात बॉल जमिनीवर ठेवून मोजायला सुरुवात करू नये, एवढी विनंती. फिबाच्या स्पष्टीकरणांनी उशिरासाठी ताकीद आणि टाइमआउटची वाट आखून दिली आहे, तीच धरायची. दोन नियमपुस्तकांची खिचडी केली की तक्रार येते आणि ती टिकते.

---

दुसरी शिट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचवा फाउल सर, "पुढून की मागून" हे इतकं सोपं आहे आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टॉपवॉच दादा, पुढच्या सामन्याआधी टेबलावरच्या मुलांना मिनिट कधी सुरू करायचं ते मी स्वतः विचारून घेणार आहे. जोडीदाराशीही बोलले. सामन्याआधीच्या आमच्या बैठकीत आता हा विषय ठरवून घ्यायचा असं दोघांचं ठरलंय: पहिल्याच टाइमआउटला दोन्ही बाकांना दहा सेकंदांची आठवण, आणि ताकीद कुणीही दिली तरी ती दोघांची.

सर, एकच राहिलं. हाफटाइमनंतर संघ ड्रेसिंग रूममधून उशिरा आला तर? तिथेही आधी ताकीदच का?

---

पाचवा फाउल

नाही. हाफटाइम १५ मिनिटांचा असतो, आणि तिसरा क्वार्टर सुरू व्हायच्या तीन मिनिटं आधी आणि मग दीड मिनिट आधी टेबलाकडून इशारा जातो, त्यामुळे कळलं नाही म्हणायला जागा नसते. तरीही संघ वेळेवर कोर्टवर आला नाही तर थेट एक टाइमआउट त्याच्या नावावर. आणि हा टाइमआउट मिनिटाचा नसतो. चौकट भरायची, दोन्ही संघांना कोर्टवर घ्यायचं आणि लगेच तिसरा क्वार्टर सुरू करायचा. दुसऱ्या हाफच्या तीनातला एक त्यांनी बॉलला हात लावायच्या आधीच गमावलेला असतो, हे प्रशिक्षकाला तिथल्या तिथे सांगा.